अप्पांच्या गाडीतली दुसरी बॅटरी

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या बाईला सगळे टेस्टरबाई म्हणत, कारण तिच्या अंबाड्यात कायम एक टेस्टर खोचलेला असे. नाव ठेवणाऱ्याने चेष्टेने ठेवलं होतं, पण तिने ते शेडच्या दारावर रंगवूनच घेतलं. शेहेचाळीस वर्षांची, अंगाने काटक, बोलायला फटकळ. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की आधी ती त्याला गप्प बसवायची, मग गाडीचं ऐकायची.

त्या सकाळी तिच्या शेडसमोर पांढरी व्हॅन येऊन थांबली, तेव्हा व्हॅन कोणाची हे तिला हॉर्नवरूनच कळलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं नाही.

"ताई," धाकटा भाऊ खाली उतरून म्हणाला, "अप्पांना आणलंय."

"कशाला?"

"गाडीचं काम आहे."

"मग गाडी आण. त्यांना कशाला आणलंस?"

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि उबळीमागून तोच जुना खरखरीत आवाज. "हिच्याकडे नको म्हणालो होतो ना तुला? वळव गाडी!"

अप्पा म्हणजे त्या दोघांचे वडील. चाळीस वर्षं त्याच रस्त्यावर त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. टेस्टरबाई त्या दुकानातच शिकली, पण अप्पांनी तिला शिकवलं असं म्हणायची सोय नव्हती. ते शिकवायचे मुलाला. तो जांभया देत बसायचा आणि ती मागे उभी राहून बघायची. सोळाव्या वर्षी तिने एका गाडीतला बिघाड शोधला, जो अप्पांना दोन दिवस सापडत नव्हता. डॅशबोर्डमागे एक वायर पत्र्याला घासून सोलली गेली होती. गाडीवाल्याने तोंडभर कौतुक केलं. अप्पा म्हणाले, "माझ्या मुलाने शोधलं." मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि बाहेर पतंग उडवत होता. दुसऱ्या दिवसापासून तिला दुकानात पाय ठेवायला बंदी झाली.

पुढे अकरा वर्षं ती एका बॅटरीच्या दुकानात राबली. मग स्वतःची शेड टाकली, तीही अप्पांच्या दुकानापासून चार घरं सोडून. अप्पांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "तिच्याकडे गाडी द्या, पण आग विझवायची बादली बरोबर न्या." हे तिच्या कानावर आलं. तिने उलट निरोप पाठवला, "अप्पांना सांगा, बादली मी त्यांच्याकडूनच उसनी घेईन. त्यांना रोज लागते." त्यानंतर बापलेकीचं बोलणं असं उरलंच नाही. तीन वर्षांपूर्वी अप्पांची फुप्फुसं गेली, दुकान बंद झालं, आणि नाकात ऑक्सिजनची नळी आली. ती एकदा भेटायला गेली होती. अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती पाण्याचा पेलाही न घेता परत आली.

आता भाऊ कसाबसा सांगत होता. दर महिन्याला अप्पांना तपासणीसाठी मोठ्या इस्पितळात न्यावं लागे, चार तासांचा डोंगरी रस्ता. वाटेत ऑक्सिजनचं मशीन चालावं म्हणून गाडीत आणखी एक बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला होता. गेल्या महिन्यात दरड कोसळून रस्ता अडला. दीड तास इंजिन बंद ठेवून ते थांबले. मशीन आचके देऊन बंद पडलं. भाऊ घाईघाईने गाडी चालू करायला गेला, तर गाडीही मेलेली.

"अप्पांचे ओठ निळे पडले होते, ताई," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "मागच्या ट्रकवाल्याने त्याच्या बॅटरीवरून गाडी चालू करून दिली म्हणून..."

ती व्हॅनमध्ये चढली. अप्पांकडे न बघता त्यांच्या सीटमागची फळी उचलली आणि टॉर्च मारला.

दोन्ही बॅटऱ्या सरळ एकमेकींना जोडल्या होत्या. मध्ये ना दोघींना वेळेवर वेगळं करणारा रिले, ना फ्यूज. मशीनने दुसरीबरोबर पहिलीही शोषून घेतली होती, मग इंजिन कशावर चालू होणार? वायर तर इतकी बारीक, की तापून तिचं आवरण तपकिरी झालं होतं. तिने बोट लावलं, तर ते बिस्किटासारखं तुटून पडलं.

"कोणी केलं हे?"

"मी," भाऊ चटकन म्हणाला.

तिने जोडावरची टेप सोलली. तीन घट्ट वेढे, चौथा उलटा, आणि वायरचं टोक आत दुमडलेलं. हा जोड तिने लहानपणी हजार वेळा पाहिला होता.

"तुला साधी बुटाची नाडी बांधता येत नाही," ती भावाला म्हणाली. मग पहिल्यांदाच वडिलांकडे वळली. "हा तुमचा जोड आहे, अप्पा. ओठ निळे पडले ते तुमच्या हाताने."

"चाळीस वर्षं असेच जोडलेत मी!" अप्पा कडाडले. श्वास पुरेना, तरी थांबेनात. "एकही गाडी जळली नाही! बॅटरी हलकी निघाली त्याला मी काय करू? तू काय मला शिकवणार?"

"नाही. तुम्हाला शिकवायची मला हौस नाही. मी गाडी दुरुस्त करणार, तुम्ही तोंड बंद ठेवायचं. जमणार नसेल तर रस्ता मोकळा आहे."

अप्पा भावाकडे बघत राहिले, की आता हा गाडी वळवेल. भाऊ चपलेकडे बघत उभा राहिला.

काम दोन दिवस चाललं. अप्पा घरी बसायला तयार नव्हते. ही काय घोळ घालते ते मला बघायचंय, असा त्यांचा हट्ट. मग व्हॅनच्या सरकत्या दाराशी खुर्ची टाकली, ऑक्सिजनचं मशीन शेडमधल्या बोर्डाला लावलं, आणि अप्पा नाकात नळी घालून पहारा द्यायला बसले.

तिने जुनं सगळं उपटून काढलं. करंगळीएवढी जाड केबल आणली. सीलबंद दोन बॅटऱ्या घेतल्या, त्यांच्यासाठी लोखंडी पेटी वेल्ड करून घेतली आणि पेटीतला गॅस बाहेर जावा म्हणून गाडीच्या तळातून एक नळी काढली. दोन्ही टोकांना फ्यूज. मध्ये असा रिले, की इंजिन चालू असेल तेव्हाच त्याने नव्या बॅटऱ्या इंजिनच्या बॅटरीला जोडाव्यात आणि इंजिन बंद झालं की तोडाव्यात, म्हणजे मशीनने कितीही खाल्लं तरी गाडी चालू करणारी बॅटरी शाबूत. अर्थिंगसाठी तिने चासीवरचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला.

"रंग काढलास! गंजेल!"

ती घासत राहिली.

"एवढी जाड केबल? ट्रॅक्टर ओढायचाय का?"

ती घासत राहिली.

"फ्यूज दोन दोन! हात कापतात का तुझे, म्हणून भीती वाटते?"

"ताई, बोलू दे त्यांना," भाऊ कुजबुजला.

"मी कुठे अडवलंय? रेडिओ बिघडला म्हणून काम थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केबल अडकवायला गाडीखाली सरकली होती. भाऊ नटबोल्ट आणायला गेला होता. वरून खुर्ची करकरल्याचा आवाज आला, मग पावलं, मग पेटीचं झाकण. तिला वाटलं डोकावतायत, डोकावू देत. आणि तेवढ्यात चट् असा आवाज झाला.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. वायरमध्ये करंट आहे का हे बघायला अप्पा मीटर कधीच वापरत नसत. वायरचं उघडं टोक गाडीच्या पत्र्यावर आपटायचं आणि ठिणगी बघायची, ही त्यांची पद्धत.

ती गाडीखालून कशी निघाली तिलाच कळलं नाही. कोपर सोलपटलं, कपाळ सायलेन्सरला आपटलं. अप्पा वाकून उभे होते. सुटी ठेवलेली वायर त्यांनी स्वतः बॅटरीला लावली होती, आणि दुसरं टोक दुसऱ्यांदा पत्र्याकडे नेत होते. नाकातल्या नळीतून ऑक्सिजन चालूच होता आणि चेहरा पत्र्यापासून वीतभर अंतरावर.

तिने त्यांच्या मनगटावर फटका मारला. वायर हिसकावून बॅटरीवरून काढली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला भिरकावली.

"बापावर हात टाकतेस?" अप्पा म्हणाले.

"तोंड पेटलं असतं तुमचं! नाकात ऑक्सिजन आहे, अक्कल कुठे ठेवलीय?"

"चाळीस वर्षं ठिणगी पाडूनच करंट बघतोय मी!"

"चाळीस वर्षं नाकात नळी नव्हती!"

तिने अप्पांना खुर्चीत बसवलं, बसवलं म्हणजे जवळजवळ ढकललंच, आणि खुर्ची फरफटत शेडच्या दाराशी नेली. मशीनची वायर पुरली तिथपर्यंत. मग खडूने त्यांच्या पायांपुढे जमिनीवर जाड रेघ मारली.

"ही ओलांडलीत, तर आहे तसं काम सोडून देईन. मग जा इस्पितळात पुढच्या महिन्यात ट्रकवाल्यांच्या भरवशावर."

अप्पांनी रेघ ओलांडली नाही. मात्र संध्याकाळपर्यंत रेघेच्या अलीकडून त्यांनी तिचा, तिच्या शेडचा, तिच्या अवजारांचा आणि तिच्या आईच्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार केला. नटबोल्ट घेऊन परतलेल्या भावाला काय झालं ते कोणीच सांगितलं नाही.

काम संपल्यावर तिने शेवटची चाचणी घ्यायची ठरवली. इंजिन बंद, मशीन नव्या बॅटऱ्यांवर, अप्पा सीटवर, आणि पूर्ण दोन तास.

"दोन तास? मारायचा विचार आहे का मला?"

"रस्त्यात मरण्यापेक्षा इथे बसा. इथे निदान बोर्ड जवळ आहे."

ती समोरच्या सीटवर मीटर घेऊन बसली. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते, इतकी जागा अरुंद. मशीन धापा टाकत चाललं होतं. अर्ध्या तासाने अप्पा म्हणाले, "तुझी आई असती तर तुला इथे येऊ दिलं नसतं."

"आई असती तर तुम्हाला इथे आणलं नसतं."

दर पंधरा मिनिटांनी ती आकडा वहीत लिहायची आणि अप्पा मान लांबवून तो वाचायचा प्रयत्न करायचे. तिने वही छातीशी धरली. दोन तासांनी बॅटऱ्यांत निम्म्याहून बराच जास्त चार्ज उरला होता. भावाने किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन चालू झालं, आणि थोड्या वेळाने रिले टक् करून लागला.

"आवाज करतोय तो," अप्पा म्हणाले.

"करायलाच हवा."

"स्वस्तातला असणार," असं म्हणून ते घरी गेले.

आठवड्याने ते इस्पितळात जाऊन आले. त्या रात्रीच भाऊ तिला सांगायला आला, मोठ्या आनंदात. परतताना घाटात टँकर उलटला होता. तीन तास गाडी हलली नाही, पण मशीन एकदाही अडखळलं नाही. आजूबाजूच्या गाड्यांतले लोक खिडकीतून बघत होते. एका माणसाची आईही ऑक्सिजनवर होती. त्याने अप्पांना विचारलं, एवढं झकास काम कोणी केलं?

"मग?" ती म्हणाली.

भावाच्या चेहऱ्यावरचं हसू जरा डळमळलं. "अप्पा म्हणाले... माझ्या दुकानाचं काम आहे. मुलाकडून करून घेतलं."

तिने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पितळी पत्र्यावर नाव कोरणाऱ्याकडे गेली. दुपारी ड्रिल मशीन घेऊन भावाच्या घरी पोचली. व्हॅन दारात उभी होती आणि अप्पा ओट्यावर. तिने व्हॅनचं सरकतं दार उघडलं, बॅटरीच्या पेटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा बाजूला, पत्रा धरला आणि भोकं पाडायला लागली.

"काय चाललंय?" अप्पा ओरडले.

तिने चारही रिव्हेट ठोकून घेतले. मग बाजूला झाली. पत्र्यावर तिचं नाव होतं, आईने ठेवलेलं, पूर्ण. त्याखाली टेस्टरबाई. त्याखाली फोन नंबर.

"काढ ते! माझी गाडी आहे!"

"गाडी तुमची, काम माझं. हा पत्रा निघाला तर मी या गाडीला परत हात लावणार नाही. फ्यूज उडाला तरी नाही."

"मला गरज नाही तुझी!"

"मग काढा. हे घ्या." तिने ड्रिल मशीन त्यांच्या मांडीवर ठेवलं.

अप्पा बराच वेळ ते मशीन धरून बसले. शेवटी त्यांनी मशीन ओट्यावर बाजूला ठेवलं आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "मला आत ने. इथे फार धूळ आहे."

पत्रा राहिला. दर महिन्याला इस्पितळात जाण्याआधी भाऊ व्हॅन तपासायला शेडमध्ये आणायचा. अप्पा बरोबर यायचे आणि दारातूनच भांडायला लागायचे. एकदा, पाचव्या की सहाव्या खेपेला, भांडता भांडता ते मध्येच थांबले आणि तिरक्या नजरेने त्यांनी विचारलं, "हा रिले नेमका किती व्होल्टला सुटतो?"

कामातलं काही कळून घ्यायला त्यांनी तिला आजवर विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. ती टर्मिनल आवळत होती. तिचा पाना थांबलासुद्धा नाही.

"मुलाला विचारा तुमच्या," ती म्हणाली, आणि पुढचा नट आवळायला घेतला.