नाला साफ झाला तेव्हा

बरकतपुऱ्यातली त्रिवेणी एका संशोधन संस्थेत नोकरीला होती. खुल्या आर्थिक धोरणानंतर शहराभोवती कारखाने वाढले, तसं पाण्यातलं विषही वाढलं. कुठला जिल्हा स्वच्छ उद्योगाकडे किती वळला आणि कशामुळे वळला, कायद्याच्या धाकानं की नव्या यंत्रांमुळे, हे मोजायचं काम संस्थेकडे आलं. त्रिवेणी नाल्यांचं पाणी तपासत हिंडायची.

तिचा नवरा किशोर रंगाच्या कारखान्यात फोरमन होता. खोकून खोकून बेजार व्हायचा. कोर्टाच्या हुकुमानं कारखाना बंद पडला, तेव्हा ती मनातून सुखावली.

किशोर मात्र घरात कोंडल्यासारखा झाला. एकदा कोठीच्या बाजारातून हसतच आला.

"शेठनं मशिनी पलीकडच्या जिल्ह्यात नेल्या. मला बोलावलंय."

"तोच रंग? तोच वास?"

"हौ, तोच. दुसरं येतंय काय मला?"

"अहो, पण तुमची छाती…"

"छातीला काय धाड भरलीय!"

तो गेला. रविवारी तेवढा घरी यायचा.

पुढच्या मोजणीत स्वच्छ उद्योगांत त्यांचा जिल्हा पहिला आला. त्रिवेणी प्रमुखांकडे, सुधीरसरांकडे गेली.

"सर, कारखाना सुधारला नाही, नुसता हलला. घाण पलीकडे चालूच आहे. अहवालात तसं लिहा."

"खरं आहे, बाई. पण पलीकडचा जिल्हा आपल्या कामात नाही. मोजलंच नाही ते कसं लिहू?"

त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. लिहिलं मात्र नाही.

उन्हाळ्यात किशोर घरी आला तो परत गेलाच नाही. फुप्फुसं कामातून गेली होती.

"आपल्या कारखान्यामागचा नाला कसा आहे गं आता?" त्यानं विचारलं.

"बगळे येतात."

"दाखव की एकदा."

तिनं त्याला ऑटोनं नेलं. काठावर टेकून तो कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिला. "इतकी वर्षं आपणच काळा केला होता," एवढंच बोलला. दसऱ्याच्या आधीच तो गेला.

मग त्रिवेणी सुट्टीच्या दिवशी पलीकडच्या जिल्ह्यात जाऊन तिथल्या नाल्याचं पाणी आणू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. सुधीरसरांनी ते प्रयोगशाळेत तपासू दिलं आणि पुढच्या अहवालात दोन्ही जिल्हे एकत्र मोजले. पहिला नंबर गेला. आधी इथली घाण कमी झाली ती 'कारखाने हलवल्यामुळे', हे कारणही छापून आलं.

संस्थेत अहवाल वाचला गेला त्या दिवशी ती ऑफिसला गेली नाही; नाल्याच्या काठावर, किशोर टेकला होता तिथं जाऊन बसली.