आमच्या गावात उगीच कोण पळत नाही

आमच्या गावात कोणी पळालं, की काहीतरी झालेलं असतं. म्हैस दावं तोडून गेलेली असते, नाहीतर कुणाच्या घरातून वाईट निरोप आलेला असतो. हे मला कळत्या वयापासून ठाऊक. पण सुनेबरोबर पहिल्यांदा पहाटे रस्त्यावर उतरले, तेव्हा नेमकं तेवढंच विसरले.

सून माझी शिकलेली. लग्न झालं, लेकरू झालं, तरी पुस्तक काही तिनं सोडलं नाही. भाकरी भाजताना एक डोळा तव्यावर आणि एक पुस्तकात. पोलीस भरतीचा लेखी पेपर ती पास झाली, तोही कन्नडमधून, कारण आमचं गाव बेळगावकडचं, कर्नाटकातलं. राहिलं फक्त पळायचं. मैदानाला एक फेरा, ठरलेल्या वेळात. एवढंच. पण वयाची अट अशी होती की ही संधी गेली तर पुढच्या भरतीला तिला बसताच येणार नव्हतं. आणि शाळा सुटल्यापासून ती कधी पळाली नव्हती. सुनेला पळायचं काम कुठं पडतंय?

लेक कारखान्यात पहिल्या पाळीला जातो, म्हणजे सकाळी घरात नसतो. तिला एकटीला अंधारात रस्त्यावर कसं सोडायचं? मी म्हटलं, मी येते, लेकराला शेजारी थोरल्या जावेकडं ठेवू.

"आत्ती, तुम्ही नुसतं देवळाच्या कट्ट्यावर बसा," ती म्हणाली.

"बसायला घरात जागा न्हाय व्हय गं? आल्यावर पळणारच."

लेकाचे जुने कॅनव्हासचे बूट होते. पुढं चिंध्या कोंबल्या, तेव्हा कुठं माझ्या पायात बसले. पदर कमरेला खोचला. तिनं पंजाबी ड्रेस घातला, ओढणीला पिना मारल्या. देवळापासून ओढ्याच्या पुलापर्यंत जायचं ठरवलं आणि निघालो.

दुधाच्या डेअरीपर्यंत पोचलो नसू, तोवर मागनं पायांचा आवाज आला. वळून बघते तर शेजारीण चपला हातात घेऊन पळतेय.

"काय झालं गं? कोण गेलं?"

मला दम लागलेला, बोलता येईना. मी नुसता हात हलवला. तिला वाटलं, लई मोठं काहीतरी झालंय. तिनं पळत पळतच गळा काढायची तयारी केली. तेवढ्यात एका घरातून एक गडी काठी घेऊन बाहेर आला.

"कुणीकडं गेली म्हस?"

त्याच्या मागं अजून दोघं. पुलावर पोचलो तेव्हा आम्ही चांगली वरातच होतो. आणि म्हैस कुठंच नाही म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे असे पडले, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. शेजारीण म्हणाली, "मग पळताय कशाला?" मी म्हटलं, "पोलीस व्हायला." ती माझ्याकडंच बघत म्हणाली, "ह्या वयात?"

त्या दिवशी पुलावर बसून आम्ही दोघी इतक्या हसलो, की परत जाताना पोटात कळ येऊन चालतच गेलो.

पुढं लोकांना सवय झाली. पण सवय झाली म्हणून विचारायचं काय थांबत नाहीत. "काय म्हणतीया भरती?" "आज उशीर केलासा?" "रताळी काढली का?" असं कोणी विचारलं आणि आपण तसंच पुढं गेलो, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं, की अमक्याची सून माजली. मग ती थांबायची, हसून दोन शब्द बोलायची, आणि तेवढ्यात तिचा दम मोडायचा. मोबाईलमधलं घड्याळ माझ्याकडं असायचं. ते दाबायला मी शिकले होते, बंद करायला अजून शिकायचं होतं. पण एवढं मलाही कळत होतं, की पळणं असं तुकड्यातुकड्यानं होत नाही.

मग मी तोड काढली. तिला म्हटलं, "तू थांबायचंच न्हाय. बोलायचं खातं माझ्याकडं." देवानं मला पायात काही दिलं नसेल, पण बोलण्यात कमी ठेवली नाही. कोणी हाक मारली की मी थांबायचे. रताळ्याचा दर, सुनेचा पेपर, माझा गुडघा, सगळं सांगायचे. ती तोवर पुलाला हात लावून परत यायची. लोकांना उत्तर मिळालं म्हणून लोक खूश, मला दम खायला मिळाला म्हणून मी खूश. असं थांबत थांबत का होईना, मीही पुलापर्यंत न चालता जायला लागले. एकदा तर परतसुद्धा आले. मोबाईल दाबायचा राहिला, म्हणून त्याला साक्षीदार तेवढा नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या बोलण्यानं सुटेना. ती म्हणजे आमचे मोठे भावजी.

आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. घरात शब्द चालतो तो थोरल्या भावजींचा. माणूस वाईट नाही, पण बोलणं फार कमी. भरतीचं कानावर घातलं तेव्हा "हूं" म्हणाले. ते हो होतं की नाही, ते आजवर कळलं नाही. रोज पहाटे ते हातात कंदील घेतल्यासारखी बॅटरी धरून मोटर सुरू करायला मळ्याकडं निघायचे. आमची वाट तीच. लांबून त्यांची बॅटरी दिसली, की सून एकदम थबकायची, कडेला सरायची, ओढणी डोक्यावर घ्यायची आणि मान खाली घालून चालायला लागायची. ते पुढं गेले की मग परत पळायचं. पण तोवर सगळं गेलेलं असायचं.

"अगं, थांबू नको म्हणते न्हाय मी?"

"मी न्हाय थांबत, आत्ती. पायच थांबतात."

मीही त्यांच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. तिला ते शिकवलं कोणी? मीच.

परीक्षा बेळगावात, सकाळी लवकर. लेकाला सुट्टी मिळेना, त्या वेळेला पोचणारी बस नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी भावजी दारात येऊन म्हणाले, "सकाळी टेम्पो काढतो." एवढं बोलून गेले. रताळ्याची पोती ज्यातून मार्केटला जातात तो टेम्पो. सुनेनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. दोघींच्या मनात एकच आलं. पण नको म्हणायची सोय नव्हती.

हिंडलगा गाव मागं टाकून टेम्पो बेळगावात शिरला.

मैदानाला जाळीचं कुंपण होतं. सगळ्यांची माणसं बाहेर उभी. आत पोलीस कन्नडमधून "ओडी, ओडी" म्हणून पोरींना पळवत होते. सुनेची पाळी आली. ट्रॅकपँट, टी-शर्ट, छातीवर नंबर. ओढणी माझ्या हातात. आणि भावजी उभे कुठं? नेमके जाळीला लागून, जिथं वळण होतं तिथं. तिथं पोचल्यावर तिला ते दिसणार म्हणजे दिसणारच.

एवढ्या महिन्यांचं पळणं त्या वळणावर वाया जाणार. मी त्यांच्याजवळ गेले.

"भावजी, तिकडं चहा चांगला मिळतोय म्हणं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या ओढणीकडं. मग मैदानात. आणि मैदानाकडं पाठ करून उभे राहिले. समोर रस्ता होता, तिथल्या बसगाड्या बघत.

शिट्टी वाजली.

"सुटल्या का?" त्यांनी बसकडं बघतच विचारलं.

"सुटल्या."

"ती कुठं हाय?"

"मधी हाय. दोघी पुढं हायत. न्हाय, एकीला टाकलं मागं. आता वळणावर येतीया."

ती वळणावर आली. तिनं बघितलं, मी पण तिचं बघणं बघितलं. जाळीपलीकडं तिला तो पांढरा सदरा आणि टोपीची मागची बाजू दिसली असणार. क्षणभर तिचा पाय अडखळल्यासारखा वाटला. पण तो थांबला नाही. नुसता थांबला नाही एवढंच नव्हे, पुढच्या टप्प्याला ती अशी सुटली, की मी बोलायचंच विसरले.

"काय झालं? सांग की," भावजी पाठमोरेच म्हणाले. आवाज जरा मोठाच होता.

"आली. आली बघा. रेघ ओलांडली."

"वेळेत?"

आतल्या पोलिसानं तिला डाव्या बाजूला, पास झालेल्या पोरींच्यात उभं केलं. मी ते सांगितलं. तरी ते वळले नाहीत. ती बाहेर येऊन ओढणी अंगावर घेईपर्यंत वळले नाहीत. ती पाया पडली तेव्हा एवढंच म्हणाले, "भूक लागली असंल. चला." वाटेत भजी खाल्ली. दुसरी प्लेट त्यांनी न विचारता तिच्यापुढं सरकवली. टेम्पोत चढताना म्हणाले, "उद्यापासनं बॅटरी दिसली तरी थांबू नको. मी बांधानं जाईन."

ती आता ट्रेनिंगला गेली आहे. फोनवर सांगते, "हितं रोज पळवतात आत्ती, पण बोलायला कोण न्हाय." नातू माझ्याकडं असतो. त्याला दूध देऊन जावेच्या ओट्यावर सोडते आणि निघते. हो, मी अजून जाते. पायात आता माझ्या मापाचे बूट आहेत, तिनं पहिल्या पगारातून पाठवलेले.

भावजी बोलल्याप्रमाणं बांधानं जातात. काळोखात त्यांची बॅटरी माझ्याबरोबरीनं शेतातून सरकताना दिसते. परवा तिकडून हाक आली, "दम लागला का?"

मी थांबले. डोक्यावर पदर घ्यायला नव्हे. विचारलंय म्हटल्यावर उत्तर द्यायला नको का?