एकच खिसा

तळोद्याच्या बसस्टँडजवळ माझ्या एका मित्राचं शेव-चिवड्याचं दुकान आहे. विक्रीचे पैसे शर्टाच्या खिशात जातात आणि घरखर्चही त्याच खिशातून होतो. तेलाचे पैसे बाजूला काढून ठेव, असं मी कितीदा सांगितलं. "भाऊ, खिसा एकच शे," म्हणत तो हसायचा.

होळीच्या बाजारात त्याचा तुफान धंदा झाला. आलेले सगळे पैसे नफाच समजून त्यानं भाऊबंदांना कपडे घेतले. मग तेलाला पैसे उरले नाहीत, म्हणून वजनकाटा विकला.

काल तो ओंजळीनं शेव देत होता. पुडी भरल्यावर सवयीनं वर एक मूठ टाकली.

"अरे, तोटा होईल!"

"आते काटाच नही. तोटा कसा दिसी?"

या वेळी तो हसला नाही.