कुसळीचं बी

जे आपण लावलं नाही, ते उपटायचा हक्क आपल्याला कुणी दिला? सोसायटीच्या कुंपणाशी कुसळी गवत तांबूस होऊन डोलत होतं आणि दुसऱ्या दिवशी ते कापायला माणसं येणार होती. शेजारच्या सुमनकाकूंनीच तक्रार केली होती.

"अगं, साडीत घुसतात कुसळं!"

"काकू, बी झडेपर्यंत तरी थांबा."

"म्हणजे पुढच्या वर्षी दुप्पट टोचतील!"

त्यांच्या पदरातलं एक कुसळ काढून मी कुंडीतल्या ओल्या मातीवर ठेवलं. ओल लागताच त्याच्या शेपटीचा पीळ उलगडू लागला आणि बी गोल फिरत मातीत शिरू लागलं.

"मेलं, स्वतःच पेरतंय की!" काकू म्हणाल्या. "सांगते त्यांना, उद्या नका येऊ."

माळ्यावाचून वाढणाऱ्याला आपण किती सहज बेवारस ठरवतो! तुमच्याही दारची कुसळी बी झडल्यावरच कापा, आणि मूठभर बी उघड्या मातीवर टाका.