त्यांचंबी ऐका
शिलाई मशीनला तेल घातलं की पन्नास वर्षांपूर्वीची पिंपरीतली आमची शाळा आठवते, कारण कारखान्यातून आलेल्या पालकांच्या कपड्यांना असाच वास असायचा. भांडण झालं की दोघींमध्ये तिसरीने बसायचं आणि प्रत्येकीने आधी समोरचीचं म्हणणं सांगायचं, असं मी सातवीच्या मुलींना शिकवलं होतं. कंपनीत संप चालू होता तेव्हा एका संपकऱ्याची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "तुझा बाप फितूर हाय!" दोघींनी एकमेकींच्या वेण्या धरल्या. वर्गातल्या तिसऱ्या एका मुलीने त्यांना समोरासमोर बसवलं. बऱ्याच वेळाने संपकऱ्याची मुलगी रडत म्हणाली, "तिची आई दवाखान्यात हाय, म्हणून तिचे वडील कामावर गेले." दोघी हात धरून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी ते संपकरी वडील शाळेत आले. "बाई, पोरगी मला म्हणती, त्यांचंबी ऐका. हेच शिकवता व्हय?" त्यांनी शाळेतून तिचं नाव काढायला सांगितलं. मी घाबरून दाखल्याचा अर्ज पुढे केला. दाढी वाढलेल्या, डोळे खोल गेलेल्या त्या माणसाला 'बसा, काय झालं ते सांगा' एवढंही मी म्हटलं नाही. ती मुलगी पुन्हा दिसली नाही. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली, पण ते न म्हटलेलं वाक्य अजून सलतं.