बैठेसाहेबांची भेदरं

सरकारी माणूस वाडीत आला की बांधावर उभा राहूनच बोलायचा. बैठेसाहेबांचं तसं नव्हतं. सायकल आंब्याला टेकवायची, चपला काढायच्या आणि सरळ वाफ्यात उकिडवं बसायचं, ही त्यांची रीत. झाडाच्या उंचीला डोळे नेल्याशिवाय ते शब्द बोलत नसत. त्यामुळे नाचणगावात त्यांचं खरं नाव कुणी घेतलंच नाही. ग्रामसेवकाच्या नोकरीवर आलेला आष्टीकडचा हा पंचविशीतला माणूस सगळ्यांचा बैठेसाहेब झाला.

मी तेव्हा नवी सून. यजमान पुलगावला गिरणीत पाळीवर, म्हणून विहिरीजवळची भाजीची वाडी माझ्याकडे आली. टमाट्यांना आम्ही भेदरं म्हणायचो. ती वीतवीतभर अंतरावर लावायचो. रोपं जास्त तर फळं जास्त, अशी समजूत. फळं गोटीएवढी राहायची आणि खालची कुजायची. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बजावलं होतं, "या साली भेदरं नाई झाले, तं वाडीत पऱ्हाटी लावीन. मंग तू चाल सगळ्यांसंगं निंदाले." कपाशी लागली की वाडी जाणार आणि मी तण काढायच्या रांगेत; त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

बैठेसाहेबांनी आल्या आल्या काही शिकवलं नाही. विचारलं, "मागच्या साली काय काय केलं, वहिनी?" शेतातलं काही कुणी मला विचारावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मधली रोपं काढून तीन-तीन फुटांवर लावायला सांगितलं. मामाजी भडकले. "जितं रोप उपटाले सांगून राह्यले तुमी!" साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "फेकाचं नाई बाबाजी, तिकडच्या वाफ्यात लावाचं. इथं एकमेकाच्या तोंडातला घास काढून राह्यले ते."

मग साखरेसारख्या दिसणाऱ्या सरकारी खताची पिशवी आली. झाडाला चिमूटभर, बुंध्यापासून चार बोटं लांब, वरून पाणी, असं त्यांनी करून दाखवलं. ते गेल्यावर मला वाटलं, चिमटीनं एवढा गुण येणार असेल तर मुठीनं किती येईल! मी मुठीनं घातलं. झाडं कमरेएवढी झाली, पानं काळीभोर हिरवी. बघणारे थांबून बघत. पण फुलं यायची आणि गळून पडायची. महिना गेला, टोपलीचा तळ झाकेल एवढीही भेदरं निघाली नाहीत.

मामाजींनी साहेबांना बोलावून घेतलं. ते नेहमीसारखे वाफ्यात बसले, बुंध्याजवळची माती बोटांनी चाळली. मग म्हणाले, "चूक माही हाय बाबाजी. मी माप नीट समजावलं नाई. अजून एक साल द्या." मामाजींनी मोठ्या नाखुशीनं हो म्हटलं. मी पदराआड उभी होते.

दुसऱ्या दिवशी मोटेजवळ त्यांना गाठून मुठीचं खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मले कालच समजलं होतं, वहिनी. बुंध्याजवळ खताचा पांढरा थर दिसला ना."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बाबाजी ऐकत होते," ते म्हणाले आणि सायकलकडे वळले.

पुढच्या साली आम्ही चार सारखे वाफे आखले. एकात वीतभर अंतर, एकात तीन फूट. मी भीत भीत म्हटलं, आपली जमीन हलकी, झाड एवढं पसरत नाही, दोन फूटही करून पाहू का? त्यांनी लगेच वही काढून लिहून घेतलं; तिसरा वाफा दोन फुटांचा झाला. तिन्ही वाफ्यांना शेणखत आणि चिमूटभर सरकारी खत. चौथ्यात दोनच फूट, पण नुसतं शेणखत. प्रत्येक वाफ्याची एक वाटी ठेवली; टोपली निघाली की त्या वाफ्याच्या वाटीत मी एक चिंचोका टाकायची. माघ संपला तेव्हा कुणाला सांगायची गरज उरली नव्हती. दाट वाफा निम्मा कुजला. नुसत्या शेणखताची झाडं खुरटी राहिली. तीन फुटांची फळं मोठी, पण टोपल्या कमी. दोन फुटांच्या, खत दिलेल्या वाफ्याची वाटी शीग लागून सांडत होती.

चावडीवर सभा झाली. तालुक्याचे साहेब आले होते. बैठेसाहेब उठून म्हणाले, "हे मी नाई सांगत. पुस्तकात तीन फूट हाय. दोन फूट या वहिनीनं म्हटलं, मोजलंही तिनंच. आता वहिनीच सांगतीन." सगळे वळून बघायला लागले. मी मामाजींकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मग वर न बघताच म्हणाले, "सांग, बाई. तुले माहीत हाय."

मी सांगितलं. वीतभराच्या वाफ्यापासून सुरू केलं, मग तोंड थांबेना.

पुढच्या आषाढात साहेबांची बदली झाली. मोटारीच्या थांब्यावर आम्ही पोचवायला गेलो. मोटार आली तसे साहेब मामाजींच्या पाया पडायला वाकले. मामाजींनी त्यांचे खांदे धरले, उभं केलं आणि त्या पोराच्या वयाच्या माणसापुढे स्वतःच हात जोडले. मोटार वळणाआड गेली तरी ते हात तसेच होते.