बानोबी आणि दानाक्काच्या कौद्या

बानोबीला मी पहिल्यांदा पाहिलं ते नवऱ्याशी भांडताना. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तिच्या नवऱ्याचं, खाजामियाँचं, गाद्या भरायचं दुकान होतं. त्याच्या समोरच माझी भाड्याची खोली. मी तेव्हा शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. खाजामियाँ म्हणत होते, गिऱ्हाइकानं लाल खोळ सांगितलीय, लालच शिवायची. बानोबी म्हणत होती, "लाल दे की, न्हाई कोन म्हनतंय? पर कडंला हे निळं लाव. नुसतं लाल म्हंजे डोळ्यात तिखट गेल्यावानी होतंय." कड शेवटी निळीच लागली.

बानोबीचं माहेर मुखेडचं, पिंजाऱ्याचं घर. कापूस पिंजायचं काम बापाचं आणि भावांचं. हिच्या वाट्याला खोळी शिवणं आलं. शिवता शिवता उरलेले तुकडे ती रंगारंगानं बांधून ठेवायची. उर्दू थोडं वाचता यायचं, मराठी लिहिता येत नव्हतं. म्हणून तिची पत्रं आणि फॉर्म पुढं माझ्याकडं आले. वयानं मोठी असून ती मला 'बाई' म्हणायची.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात, गणपती बुडवल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. आमच्या गल्लीत भांडी पडली, भिंतींना तडे गेले. दुपारपर्यंत कळलं की किल्लारीकडची गावंच्या गावं बसली. तिसऱ्या दिवशी खाजामियाँनी दुकानातल्या तयार गाद्या, रजया, सगळं टेम्पोत घालून तिकडं नेलं. बानोबी सोबत गेली.

दिवाळीनंतर मला तिकडच्या एका गावाच्या पत्र्याच्या शाळेवर पाठवलं. गाव म्हणजे पत्र्याच्या शेडांच्या रांगा. रस्त्याकडेला कपड्यांचा ढीग पडला होता; देशभरातून मदत म्हणून आलेले जुने कपडे. साड्या, कोट, फ्रॉक, परकर. लोक तिकडं बघतही नव्हते. एका रविवारी बानोबी माझ्यासोबत एसटीनं आली. तिला तिथल्या बायकांना सुई-दोरा द्यायचा होता. उतरल्या उतरल्या तिला ढिगाशेजारी बसलेली एक बाई दिसली. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. मांडीवर चार साड्या एकावर एक घालून ती दाभणासारख्या मोठ्या सुईनं शिवत होती.

"अक्का, ह्या साड्या तुम्ही नेसत न्हाई?" बानोबीनं विचारलं.

बाईनं मान वर केली नाही. "आमी काय उघडे हाव का? पंधरा एकर जमीन हाय आमची. दुसऱ्याचं उतरलेलं अंगाला लावायची न्हाई." थोडं थांबून म्हणाली, "पांघरूण केलं तर चालतंय. थंडी तर हाय."

ती दानम्मा. भूकंपात तिची आठ वर्षांची मुलगी आणि सासू गेल्या. नवरा महादेवप्पा शेतात राखणीला होता म्हणून वाचला. तिला शेजाऱ्यांनी मातीतून ओढून काढलं. कर्नाटकाच्या सीमेवरचं तिचं माहेर, तिकडं वाकळेला, म्हणजे गोधडीला, कौदी म्हणतात. ती कौदी कडेपासून शिवत आत यायची. धावदोऱ्याच्या रांगा चारी बाजूंनी फिरत फिरत मधोमध यायच्या. तिथं चिमूटभर जागा उरली की त्यात ज्वारीचे चार दाणे घालायचे आणि मग तोंड शिवायचं.

"हे कशाला?" बानोबीनं विचारलं.

"कौदी उपाशी ठेवू न्हाई. उपाशी कौदीत झोप लागत न्हाई."

बानोबी त्या दिवशी पाच तास तिच्याशेजारी बसली. पुढच्या रविवारी ती घरातली रंगीत तुकड्यांची सगळी गाठोडी घेऊन आली.

असं त्यांचं जमलं. रंग लावायचे बानोबीनं, शिवायचं दानाक्कानं. बानोबी तिला दानाक्का म्हणू लागली होती. शेडसमोरच्या मोकळ्या जागेत बानोबी तुकडे पसरायची, एका दगडावर उभी राहायची आणि एक डोळा मिटून बघायची. खाली दानाक्का हात कमरेवर ठेवून उभी.

"हे पिवळं हितं वरडून राहिलंय," दानाक्का म्हणायची.

"वरडू दे. बाजूला काळं हाय, त्ये समजावतंय त्याला."

कधी कधी तेवढ्यावरून दोघी दुपारभर अबोला धरायच्या. हळूहळू आणखी सहा-सात बायका येऊन बसू लागल्या. बोलणं कमी आणि सुई जास्त चालायची. कुणी मध्येच रडली तर बाकीच्या शिवत राहायच्या, तिचं आटपेपर्यंत.

दोन-तीन वर्षांनी पक्की घरं मिळाली. महादेवप्पा आत झोपू लागला. दानाक्का मात्र अंगणातच खाट टाकायची. दिवसा ती घरात वावरायची, पण छताखाली तिचा डोळा मिटत नसे. पाऊस आला की दारात भिंतीला टेकून बसून राहायची, जागी. "छत दिसलं की छाती दाबून येती," एवढंच सांगायची.

पहिलं प्रदर्शन नांदेडला झालं. मी फॉर्म भरला, दोघी कौद्यांचे गठ्ठे घेऊन गेल्या. तीन दिवसांत दोन कौद्या गेल्या. एक बाई हात लावून म्हणाली, "असल्या आमच्या गोठ्यात पडल्यात." दानाक्कानं तिथंच गठ्ठा बांधायला घेतला. बानोबीनं तिचा हात धरला.

"अक्का, ती बरोबर बोलली. घडी घातल्यावर ही गोठ्यातलीच दिसती. आपुन उघडून दाखवलीच न्हाई."

पुढच्या वेळी बानोबीनं बांबू नेले. कौद्या भिंतीसारख्या उभ्या टांगल्या, एका वेळी तीनच. लोक लांबूनच थांबायला लागले. मग सोलापूर झालं, औरंगाबाद झालं आणि नव्व्याण्णव साली पुणं.

पुण्याच्या वेळी शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. मोठा हॉल, वर सिमेंटचं छत, पंखे, गर्दी. दानाक्का पहिले दोन दिवस दाराजवळच घुटमळत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली. दोन रात्री हॉलबाहेरच्या पायरीवर बसून काढलेली ती बाई टेबलामागच्या कौद्यांच्या ढिगावर टेकली आणि बघता बघता कलंडली. मला वाटलं चक्कर आली. बानोबीनं वाकून पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," ती कुजबुजली. "बाई, छताखाली झोपलीय."

बानोबीनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला, कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं. पुण्यातल्या एका दुकानाच्या मालकीणबाई होत्या. त्यांनी टांगलेल्या तिन्ही कौद्या मन लावून पाहिल्या, टाके मोजले आणि ढिगाकडं बोट दाखवलं. "ती हिरवी काढता का? खालून दुसरी."

"आत्ता देता येत न्हाई," बानोबी म्हणाली.

"विकली गेलीय?"

"न्हाई. ह्या झोपल्यात."

"मग उठवा ना. मला पुढं जायचंय."

"सहा वर्षं झाली जी, ह्यांना अशी झोप लागली न्हाई. तुम्ही जाऊन या. कौदी तुमच्यासाठी ठेवते."

बाई जरा चिडूनच गेल्या. चांगलं दुकान हातचं गेलं असं मला वाटलं. बानोबी स्टूल घेऊन ढिगाच्या आडोशाला बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला हळू बोलायला सांगू लागली. शेजारच्या स्टॉलवरच्या पापडवाल्या बायकांनीही आवाज खाली आणला. दानाक्का साडेतीन तास झोपली. उठली तेव्हा दिवे लागले होते. तिनं वर छताकडं पाहिलं, मग बानोबीकडं. "मला उठवलं का न्हाई?"

"गिऱ्हाईकच न्हवतं," बानोबी म्हणाली.

मालकीणबाई दुसऱ्या दिवशी परत आल्या. त्यांनी कुणाकडून काय ऐकलं होतं ठाऊक नाही. हिरवी कौदी तर घेतलीच, वर दुकानात येऊन भेटा म्हणाल्या.

पुढं चार वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी दोघी त्या दुकानात जायच्या. काच, थंड हवा, बसायला मऊ खुर्च्या. तरी दानाक्का फरशीवरच बसायची, कारण कौदी पसरून दाखवायला तेच बरं. एकदा मालकीणबाईंनी अडचण सांगितली. एका कौदीतल्या ज्वारीला किडे झाले होते. गिऱ्हाइकानं परत आणली. "दाणे घालू नका, बाकी काही बदलू नका."

दानाक्का उठून उभी राहिली. "मग आमच्या कौद्या देऊन टाका. उपाशी विकत न्हाई मी."

मग बानोबी म्हणाली, "अक्का, तुमच्या घरी ज्वारी पिकती. आमच्या घरी काय येत हुतं? कापूस. त्याच्यावर आमची पोटं भरली. दाण्याच्या जागी पिंजलेल्या नव्या कापसाचा बोळा घालू. त्ये बी अन्नच की आमचं."

दानाक्का तिच्याकडं बघत राहिली. मग खाली बसली. त्या दुकानाच्या कौद्यांत तेव्हापासून कापसाचा बोळा जाऊ लागला. खाजामियाँ तो स्वतः पिंजून द्यायचे, अगदी ढगासारखा करून.

दानाक्काची खाट त्या हिवाळ्यात अंगणातून ओसरीवर आली. पुढच्या पावसाळ्यात घरात गेली.

एव्हाना लातूर बदललं होतं. बारावीच्या निकालात आमच्या गावचं नाव गाजू लागलं, क्लासेसच्या पाट्या लागल्या. आमच्या गल्लीतल्या घरांवर मजले चढले आणि खोल्या-खोल्यांत पोरं-पोरी राहू लागली. जूनमध्ये एसटी स्टँडवर पेट्या, बादल्या आणि रडवेल्या आयांची गर्दी. अशीच एक आई, लक्ष्मीबाई, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीहून मुलगी आरतीला घेऊन खाजामियाँकडं गादी घ्यायला आली. गादी घेतली, पण निघेना. पिशवीतून दोन जुन्या साड्या काढून बानोबीसमोर ठेवल्या.

"पोरगी दोन वर्षं हितं राहणार. ह्याचं काही पांघरायला करून देता का? मी नेसलेल्या हायत. धुतल्या न्हाईत मुद्दाम."

बानोबीनं साड्या नाकाशी नेल्या आणि काही न विचारता आत ठेवल्या. आठ दिवसांत हॉस्टेलच्या अरुंद कॉटला बसेल अशी कौदी झाली. त्या मापाची ती पहिली. मग एका आईनं दुसरीला सांगितलं. मुरुड, देगलूर, मुखेड, कुठून कुठून आया गाठोडी घेऊन यायला लागल्या. एका पोराचा बाप आपलं धोतर घेऊन आला. आई नव्हती त्याची. ह्या कौद्यांत दाणे ज्वारीचेच घालायचे, असं दानाक्कानं बजावलं. आता ती लातूरला बानोबीकडंच जास्त असायची.

पुण्याच्या दुकानाची कामं लांबू लागली. मालकीणबाईंना एकाच नमुन्याच्या चाळीस कौद्या हव्या होत्या. बानोबीनं मला कळवायला सांगितलं: "लिहा, बाई, चाळीस सारख्या जमत न्हाईत. हितं पोरं थंडीची बसून राहिलीत." वाईट कुणालाच वाटलं नाही. मालकीणबाई पुढं एकदा लातूरला येऊन जेवून गेल्या.

दोन वर्षांनी, निकालाच्या दिवशी दुपारी आरती दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डॉक्टरीला लागतील तेवढे मार्क पडले नव्हते. खोलीवर जायचं नव्हतं, घरी फोन करायची हिंमत नव्हती. बानोबीनं तिला आत घेतलं, भात-वरण वाढलं. पोरगी घास चिवडत राहिली. दानाक्कानं ताट बाजूला सारलं, तिच्या हातात सुई दिली आणि आपल्या शेजारी ओढून बसवलं. "शिव."

"मला येत नाही, अक्का."

"वाकडं यीना का. शिव."

दोघी शिवत राहिल्या. कुणी तिला अभ्यासाचं विचारलं नाही. तासाभरानं दानाक्का आपणहून बोलू लागली. "माझी गौरा हुती. आठ वर्षांची. शाळंत कच्ची, पाढे येत न्हवते. आदल्या दिशी मी त्याच्यावरून तिला रागावले हुते." सुई चालूच होती. "आता वाटतंय, पाढ्याचं काय घिऊन बसले मी. तुझी आई बी फोनजवळ बसली आसंल. तिला तुझा आवाज पायजे, मार्क न्हाई."

आरती रडली, भरपूर. मग समोरच्या दुकानातून तिनं फोन केला. संध्याकाळच्या गाडीनं लक्ष्मीबाई आल्या. लेकीला पोटाशी धरून म्हणाल्या, "किती वाळलीस गं." आरती पुढं नर्सिंगला गेली. आता नांदेडला सरकारी नोकरीत आहे. तिच्या बाळंतपणात दुपटी बानोबीनंच पाठवली.

खाजामियाँ जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकान मुलगी सादिया बघते. फोनवर फोटो घेते, आयांशी बोलते. दानाक्काला मध्यंतरी अंधुक दिसायला लागलं होतं. तरी ती हाताच्या अंदाजानं शिवायची आणि बानोबी तिच्यासाठी रोज सकाळी वीस सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. गेल्या वर्षी सादियानं हट्टानं तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं.

पट्टी निघाल्यावर दानाक्का पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मी तिथंच होते. तिनं चष्मा नीट बसवला, दोरीवरची कौदी पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी उलटून पाहिली.

"बानोबी, दोन वर्षं तू मला हे आसलं शिवायला लावलंस?"

"काय झालं त्याला?"

"जांभळ्याला गुलाबी? आंधळी झाले म्हनून काय बी?"

बानोबी हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "गुलाबी चांगलं हाय. तुमचे डोळे अजून कच्चे हायत." दानाक्कानं कात्री घेतली, खाली बसली आणि कडेपासून टाके उसवायला लागली. बानोबीनं दुसरं टोक मांडीवर ओढलं.